एका म्हाताऱ्या शब्दाचे उपद्व्याप

परवा आमच्या नातीने मला एक शब्द विचारला आणि मी अडलो. चाळीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाने अकरा वर्षांच्या नातीपुढे अडावे, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. पण वाचकांपासून काय लपवायचे?

नात राहते बदलापुरास. सुट्टी लागली की अंबरनाथला आमच्याकडे येते आणि माझे कपाट उपसते. या वेळी तिने एक जुने इंग्रजी गोष्टींचे पुस्तक बाहेर काढले होते. त्यात कुणी आजीबाई आपल्या नातवंडांना दटावत होत्या, की ही काय 'डेव्हिल्री' चालवली आहे तुम्ही! नातीने त्या शब्दावर बोट ठेवले.

"आबा, डेव्हिल म्हणजे सैतान ना? मग ही आजी एवढ्याशा पोरांना सैतान का म्हणते? त्यांनी तर फक्त मांजराला टोपी घातली आहे."

मी ऐटीत सांगितले, "डेव्हिल्री म्हणजे खोडी. व्रात्यपणा. जुना शब्द आहे, आता फारसा कोणी वापरत नाही."

तिने आईच्या मोबाइलवर अर्थ शोधला आणि म्हणाली, "इथे दुसराही अर्थ दिलाय. दुष्टपणा. यातला खरा कोणता?"

दोन्ही खरे, असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण मनातून चरकलो. कारण हाच प्रश्न मला पूर्वी एकदा, १९६१ साली, विचारला गेला होता; आणि तेव्हाही मी उत्तर दिले नव्हते.

आम्ही तेव्हा नववीत होतो. अंबरनाथ हे त्या काळी भोंग्यांवर चालणारे गाव. एक भोंगा दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याचा, दुसरा विमकोच्या काडेपेटीच्या कारखान्याचा. माझे वडील या दुसऱ्या भोंग्याचे ताबेदार. शाळेत माझ्या बाकावर एक सिंधी मुलगा बसे. तो रोज 'कॅम्पा'तून चालत येई. उल्हासनगरला आम्ही कॅम्पच म्हणत असू. जुनी माणसे अजूनही तेच म्हणतात. मुलाला इथल्या लोकांची भाषा नीट आली पाहिजे, धंदा इथेच करायचा आहे, असा त्याच्या वडिलांचा आग्रह, म्हणून तो मराठी शाळेत. त्याचे मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होते, कारण ते त्याने पुस्तकातून शिकले होते.

एके दिवशी त्याने खिशातून कागदी लेबलांची एक पट्टी काढली. पाठीमागे डिंक लावलेला आणि पुढे सोनेरी अक्षरांत 'मेड इन यू. एस. ए.' मधल्या सुट्टीत आम्ही दोघांनी ती लेबले थुंकी लावून वर्गभर चिकटवली. डस्टरवर, खडूच्या खोक्यावर, शिपायाच्या घंटेवर आणि सर्वांत शेवटी इंग्रजीच्या सरांच्या छत्रीच्या मुठीवर. सरांची ती छत्री बहुधा त्यांच्या लग्नातली असावी. तिला अमेरिकेचे नागरिकत्व मिळालेले पाहून वर्गाला हसू आवरेना.

"हू हॅज डन धिस डेव्हिल्री?" सर गरजले.

गरजल्यावर त्यांना स्वतःलाच तो शब्द आवडला असावा. कारण छडी मागवण्याआधी त्यांनी कोश मागवला. आम्हा दोघांना उभे करून शब्दाचे दोन्ही अर्थ मोठ्याने वाचायला लावले आणि विचारले, "आता सांगा, तुम्ही केलेत ते यांतले कोणते? खोडी की दुष्कर्म?"

मी खाली मान घालून उभा राहिलो. माझा मित्र मात्र शांतपणे म्हणाला, "सर, दुकानात लावतात तो धंदा. छत्रीवर लावली ती खोडी."

सरही हसले. मग प्रत्येकी दोन छड्या दिल्या. पण मुठीवरचे लेबल त्यांनी काढले नाही. ते पावसाळ्याने काढले.

सर पुढे सेवानिवृत्त झाले, देवाघरीही गेले. मी त्यांचाच विषय घेऊन मास्तर झालो, आणि मास्तरकीच्या सवयीने पुढे कधीतरी या शब्दाची कुंडली मांडून पाहिली. 'डेव्हिल' हा मुळात ग्रीक 'डायाबोलोस'चा वंशज. त्या मूळ शब्दाचा अर्थ काय असावा? तर निंदानालस्ती करणारा, चहाडखोर! जगातल्या साऱ्या पापांचा अधिपती मुळात एक चुगलखोर निघावा, हे वाचून मला आमच्या जुन्या चाळीतल्या दोघातिघांची आठवण झाली. शेपटाला लावलेली 'री' ही 'स्लेव्हरी', 'रोगरी'मधलीच. धंदा किंवा वागणूक दाखवणारी. पूर्वी इंग्रजांच्या छापखान्यात शाई लावणाऱ्या, खिळे वाहणाऱ्या पोराला 'प्रिंटर्स डेव्हिल' म्हणत. तोंड काळे झालेले, म्हणून म्हणा किंवा उपद्व्यापी, म्हणून म्हणा. हा अंक छापणाऱ्या मंडळींनी रागावू नये.

आता गंमत अशी, की आपल्या मराठीत असा एकच एक सैतान नाही. 'सैतान' हा शब्द आपण अरबी-फारशीकडून उसना आणला. आपले घरचे म्हणाल तर वेताळ, खवीस, समंध, मुंजा, हडळ, झोटिंग, चकवा अशी मोठी कचेरी आहे आणि प्रत्येकाचे खाते वेगळे. पिंपळावरच्याने विहिरीवरच्याच्या कामात लुडबुड करायची नाही. शब्दांचेही तसेच. इंग्रज 'डेव्हिल्री' म्हणून मोकळा होतो. आपण मात्र पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. खोडी, खट्याळपणा, द्वाडपणा, वात्रटपणा, चावटपणा, टारगटपणा, मग लबाडी, लुच्चेगिरी, भामटेगिरी, कपट आणि तळाशी नीचपणा. कोणत्या आईने कोणत्या पायरीवर पोराचा कान धरायचा, हे कुणाला शिकवावे लागत नाही.

अर्थात या पायऱ्यांवर शब्दही चढउतार करतात. 'व्रात्य' घ्या. वेदकाळात व्रात्य म्हणजे वैदिक आचाराबाहेरचा माणूस. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात तर या व्रात्याची मोठी महती गायिली आहे. पुढे तोच शब्द संस्कारभ्रष्टाला निंदेने लावू लागले, आणि आज शेजारचा बंडू काच फोडून पळाला, की आपण म्हणतो, "मोठा व्रात्य कार्टा आहे." 'डांबिस'ची कथा आणखी मजेची. तो इंग्रजांच्या 'डॅम बीस्ट' या शिवीपासून आला, असे म्हणतात. ते खरे असेल, तर गोऱ्या साहेबाने संतापून हासडलेली शिवी आपण घरी आणली, धुतली आणि लाडाने पोरांना लावली. आणि ज्या देशात लोण्याच्या चोरीबद्दल देवाला शिक्षा न करता वर्षातून एकदा त्याच्या नावाने हंडी बांधतात, तिथे खोडीविषयी फार कडक राहणे अवघडच.

गोरे साहेब म्हटल्यावर पुन्हा कॅम्पाकडे वळायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ माळरानावर लष्करी छावणी उभारली. युद्ध संपले, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. तोच १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून घरेदारे सोडून आलेले सुमारे एक लाख लोक या बराकींत आणून ठेवले. एका लांबलचक बराकीत कितीतरी कुटुंबे. मध्ये भिंत म्हणून गोणपाट किंवा जुने लुगडे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचे नाव. ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांच्या गावाला उल्हासाचे नाव! यालाही कुणी नियतीची डेव्हिल्री म्हणेल. पण त्या लोकांनी ते नाव मनावर घेतले. पापड लाटले, गोळ्या-बिस्किटे केली, आगगाडीत कंगवे विकले, आणि दहा-पंधरा वर्षांत असा बाजार उभा केला, की मुंबईच्या बायका लोकलने खरेदीला येऊ लागल्या.

त्या बाजाराच्या लेबलांची कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. माल इथला, शिक्का 'मेड इन यू. एस. ए.'चा. कुणी हटकलेच तर उत्तर तयार: यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! ही कोटी पहिल्याने कुणी केली, हे शोधण्यात अर्थ नाही. पण मला ती नेहमी मोठी हुशारीची वाटत आली आहे. खोटे बोललेच नाही, असे सिद्ध करणारे खोटे.

माझ्या मित्राचे वडील या कलेतले जुने जाणते. त्यांच्या दुकानातून आईने एकदा 'परदेशी, न मोडणारा' कंगवा आणला. आईचे केस दाट. तिसऱ्या दिवशी कंगव्याचे सहा दात गळाले. आई तणतणत कॅम्पात गेली, मीही मागोमाग. मित्राच्या वडिलांनी कंगवा उलटसुलट पाहिला, आधी हसले, मग मुलाला पाणी आणि पापड आणायला सांगितले. सिंध्याच्या दारी गेलेला माणूस पापड खाल्ल्यावाचून परत येत नाही. मग म्हणाले, "बहेनजी, अमेरिकेच्या बायकांचे केस पातळ असतात." आणि दुसरा कंगवा काढून दिला, एक पैसा न घेता. आई बाहेर येईपर्यंत हसू दाबत होती. घरी येऊन तिने ती गोष्ट चाळभर सांगितली, आणि दुसऱ्या महिन्यात चाळीतल्या चार बायकांना घेऊन त्याच दुकानात गेली.

आता यात फसले कोण? आईला ठाऊक होते, की अमेरिकेचा कंगवा एवढ्या किमतीत मिळत नाही. दुकानदाराला ठाऊक होते, की हिला ते ठाऊक आहे. सोनेरी अक्षरे हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ होता. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हाच, आणि ज्यांच्या नाममुद्रा चोरल्या जातात त्यांचे नुकसान होते, हेही खरे. औषधाच्या बाटलीवर असले लेबल लागले, तर मी त्याला खेळ म्हणणार नाही. पण कंगव्यापुरते मी आईच्या बाजूचा आहे.

पुढची गोष्ट सांगताना मला एवढे हसू येत नाही.

माझी धाकटी मावशी गिरगावात पागडीच्या एका खोलीत राहत असे. मावसोबा गेल्यावर १९९५ साली तिने ती खोली सोडली, आणि हातात आलेल्या पैशांत कुठेतरी 'आपले' दोन खोल्यांचे घर घ्यावे, असे तिच्या मनात आले. "अरे, तुम्ही तिकडे आहात, तुमच्या जवळपास बघ काहीतरी," असे तिने मला सांगितले. मी पाहिले. उल्हासनगरात, स्टेशनापासून बेताच्या अंतरावर, एक पाच मजली इमारत उठत होती. भाव अंबरनाथपेक्षाही कमी. माझ्या त्याच वर्गमित्रानेही तिथे पहिल्या मजल्यावर जागा घेतली होती. त्याच्यासारखा व्यापारी घेतो आहे म्हटल्यावर मला आणखी काय हवे? बिल्डर सिंधी होता की मराठी, हे कुणी विचारील, म्हणून सांगतो: भागीदार दोघे होते आणि त्यांतला एक आपल्यापैकीच होता.

मावशीने बयाणा दिला. त्यानंतरच्या रविवारी मी काम पाहायला गेलो. रेतीचा ढीग पडला होता. सहज मूठ भरून घेतली तर पांढुरकी, पिठासारखी. तिथे एक म्हातारा गवंडी विडी ओढीत बसला होता. तो माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "ह्या रेतीचं काम टिकत नाही, मास्तर."

ती त्या दिवसांत उल्हासनगरात सर्रास वापरली जाणारी रेती होती. तिला तिकडे 'उलवा रेती' म्हणतात. इमारतीच्या कामाला जी नदीची चांगली वाळू लागते, ती ही नव्हे. चांगली रेती मिळेना, इमारती तर भराभर उठवायच्या होत्या. नव्वदीच्या मधल्या त्या चारपाच वर्षांत अशा कितीतरी इमारती उभ्या राहिल्या, पुष्कळशा परवानगीवाचूनच. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न उभा राहिला. एवढ्या इमारतींतली माणसे जाणार कुठे? शेवटी २००६ साली, दंड भरून बांधकामे नियमित करून घेण्यासाठी सरकारला उल्हासनगरपुरता खास कायदा करावा लागला. कागद नियमित करता येतो. रेती कशी नियमित करणार?

पण हे सारे पुढचे. त्या रविवारी मी हात झटकला आणि घरी आलो. मावशीला काही बोललो नाही. बयाणा दिला होता. ती आनंदात होती. खिडकीला कोणत्या रंगाचा पडदा लावावा, हे विचारायला तिने मला पत्र धाडले होते. एका विडी ओढणाऱ्या गवंड्याच्या शब्दावरून तिचा हिरमोड कशाला करायचा, अशी मी मनाची समजूत घातली. निळा लाव, असे उत्तर पाठवले.

मावशी त्या घरात सतरा वर्षे सुखाने राहिली. २०१२ साली झोपेतच गेली. तिच्यामागे मावसभाऊ, त्याची बायको आणि दोन मुले तिथे राहू लागली. स्लॅबचे पोपडे पडत, पावसाळ्यात भिंती गळत, गजाला गंज चढून तो बाहेर डोकावे. पण मुंबईच्या आसपास कोणाच्या भिंती गळत नाहीत?

मग २०२१ चा मे महिना आला. करोनामुळे माणसे घरात कोंडलेली. पंधरवड्याच्या अंतराने उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्यावर, तो त्याच्या खालच्यावर, अशी ती पडझड. दुसऱ्या इमारतीत सात माणसे गेली. दोन्ही त्याच काळातल्या, नव्वदीच्या मधल्या. मग जुन्या इमारतींची तपासणी सुरू झाली, आणि मावशीच्या इमारतीलाही राहण्यास धोकादायक, रिकामी करा, अशी नोटीस लागली.

मावसभावाने सामान टेंपोत भरले त्या दिवशी मी गेलो होतो. खिडकीला अजून निळाच पडदा होता. आधीच्याचा फाटल्यावर त्याच रंगाचा नवा घेतला होता म्हणे, मावशीची आठवण म्हणून. मी त्या पडद्याकडे पाहत उभा राहिलो. वहिनींनी विचारले, "भावोजी, चहा देऊ? गॅस अजून बांधलेला नाही." मला काही तो घोटवेना.

खाली पहिल्या मजल्यावर माझा मित्र आपले सामान बांधत होता. पंचाहत्तरीला आलेला माणूस. एका बालपणी सिंधमधून आलेल्या आईबापांबरोबर बराकीतल्या गोणपाटामागे दिवस काढलेला, आणि आता म्हातारपणी पुन्हा गाठोडी बांधणारा. मी त्याला त्या रविवारची, त्या मूठभर रेतीची गोष्ट सांगितली. सव्वीस वर्षांनी. मावसभावाला सांगायचे धैर्य मला झाले नव्हते.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मास्तर, मलाही ठाऊक होतं. मला सिमेंटवाल्यानं सांगितलं होतं. मी म्हटलं, सगळे घेतायत."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "माझ्या बापानं आयुष्यभर खोटी लेबलं लावली. पण कंगवा मोडला तर तो दुसरा देत होता. आणि कंगवा मोडला तर कुणाच्या डोक्यात पडत नव्हता."

तेव्हा मला सरांची छत्री आठवली.

असो. अंबरनाथकरांनी उल्हासनगराकडे बोट दाखवून हसण्याचे कारण नाही. आमच्या गावच्या डोंगरातून वालधुनी नावाची एक लहानशी नदी निघते. तिच्या काठी आमचे शिवमंदिर आहे. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चे, शिलाहार राजांच्या कारकीर्दीतले. सबंध महाराष्ट्रात जुन्या शिल्पकामाचा तसा नमुना विरळा. आमच्या लहानपणी महाशिवरात्रीच्या जत्रेला आलेली मुले त्या नदीत डुंबत, आणि काठावरचे त्यांचे कपडे पळवून देवळामागे लपवणे हा आमचा कार्यक्रम असे. या खोडीलाही वरून, थेट गोकुळातून, आशीर्वाद आहे.

आज त्या पाण्यात कोणी पायही बुडवणार नाही. कारखान्यांचे सांडपाणी आणि घरांची गटारे मिळून तिचा नाला झाला. पुढे उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या कारखान्यांनी तिला निळा रंग दिला होता. आणि २०१४ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस, माणसे गाढ झोपेत असताना, कुणीतरी रसायनांचा टँकर नदीत ओतून दिला. काठच्या वस्तीतली शेकडो माणसे घुसमटून जागी झाली. कुणाला श्वास लागला, कुणाला उलट्या. बायकापोरांना उचलून इस्पितळात न्यावे लागले. मला त्या टँकरवाल्याचे फार दिवस कुतूहल वाटत राहिले. नळ उघडून तो रात्री तिथेच उभा राहिला असेल ना? पाणी सांडल्याचा आवाज त्याने ऐकला असेल. काठावरच्या झोपड्यांत दिवा दिसत असेल. त्याला त्या क्षणी काय वाटले असेल? बहुतेक काहीच नाही. घरी लवकर पोचायला मिळेल, एवढेच.

राहिले बदलापूर. या गावाच्या नावाची व्युत्पत्ती जुनी माणसे मोठ्या अभिमानाने सांगतात. पूर्वी घाटाकडे जाणारे स्वार इथे दमलेले घोडे बदलत, म्हणून बदलापूर. २०१५ साली याच नावाचा एक हिंदी चित्रपट निघाला, आणि हिंदीत 'बदला' म्हणजे सूड असल्याने आमच्या मुलाला कचेरीत लोक विचारू लागले, "काय हो, तुमच्याकडे सूड घेतात काय?" तो म्हणे, "नाही हो, आमच्याकडे फक्त गाडी बदलतात." कर्जत लोकलच्या प्रवाशांना यातले मर्म कळेल.

या कोटीवर आम्ही बरीच वर्षे हसलो. २० ऑगस्ट २०२४ नंतर मात्र मुलाने ती केली नाही. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बदलापूरची माणसे रुळांवर उभी होती आणि गाड्या बंद. एका शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराची बातमी गावात पसरली होती. सून मुंबईहून निघालेली, ती डोंबिवलीला अडकली. मुलगा घरी होता. नात तेव्हा साडेनऊ वर्षांची. घरातली मोठी माणसे हळू आवाजात बोलत होती, आणि तिने सरळ विचारले, "काय झालंय?"

तो प्रश्न मुलाने फोनवरून माझ्याकडे पाठवला. मी मास्तर ना! मुलांशी बोलायची माझी सवय. मला पायऱ्या पाठ आहेत, वरपासून तळापर्यंत. पण मी त्या दिवशी कोणत्याच पायरीवर उभा राहू शकलो नाही. 'डेव्हिल्री'सारखा, आजीबाईच्या तोंडी शोभणारा, काठी टेकत येणारा शब्द तर जवळही येईना. शेवटी तिची आजी फोनवर आली आणि तिने साध्या शब्दांत सांगितले, की एका माणसाने लहान मुलींना दुखवले, त्यात मुलींची काहीच चूक नव्हती. आणि तुला कुणी असे काही केले, कुणी 'गंमत करतो, कुणाला सांगू नकोस' असे म्हणाले, तर आधी आम्हाला येऊन सांगायचे. नात म्हणाली, "गंमत असेल तर कुणाला सांगू नको असं कशाला म्हणेल?"

हे तिचे वाक्य मी वहीत टिपून ठेवले आहे. म्हणूनच, परवा तिने पुन्हा 'यातला खरा कोणता' असे विचारले तेव्हा मी चरकलो होतो. तिचे उत्तर माझ्याआधी तयार असावे.

दिवाळीच्या आधी माझा मित्र आला होता. आता तो मुलाकडे कल्याणला राहतो. मावसभाऊ अंबरनाथलाच भाड्याने राहतो. दरवर्षी अकरा महिन्यांचा करार. मित्र आला त्या दिवशी मावसभाऊ आणि वहिनीही फराळाला आले होते. चहा झाला आणि मित्राने माझ्याकडे नुसते पाहिले. मी ओळखले. वहिनी स्वयंपाकघरात गेल्यावर मी मावसभावाला त्या गवंड्याची गोष्ट सांगितली. तो चकली हातात धरून ऐकत राहिला. शेवटी एवढेच म्हणाला, "आईला कळलं असतं तरी तिनं घेतलंच असतं रे. तिला आपलं घर हवं होतं." हे त्याने मला धीर द्यायला म्हटले की खरेच तसे होते, ते मला सांगता येणार नाही. जाताना नेहमी तो वाकून नमस्कार करतो. त्या दिवशी करायचा राहिला. विसरला असेल.

मित्राने येताना नातीसाठी एक पुडके आणले होते. जागा रिकामी करताना माळ्यावर सापडले म्हणाला. आत जुन्या लेबलांची पट्टी. डिंक वाळून पिवळा पडलेला, पण सोनेरी अक्षरे तशीच. नातीने सगळा इतिहास विचारून घेतला आणि नंतर दुपारभर तिचा आवाज आला नाही. संध्याकाळी पाहतो तो चकलीच्या डब्यावर, देवघराच्या घंटेवर, आजीच्या चष्म्याच्या घरावर 'मेड इन यू. एस. ए.' माझी छत्री कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे मी अजून नीट पाहिलेले नाही.